वालकूरचा मेकॅनिक आणि बर्फावरची गाडी

वडोदऱ्याजवळ सावली येथे रेल्वेचे डबे बांधणारा एक मोठा कारखाना आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या दारावर बॉम्बार्डियर हे नाव होते आणि दिल्ली मेट्रोचे शेकडो डबे तेथूनच बाहेर पडले. २०२१ मध्ये कंपनीचा रेल्वे व्यवसाय आल्स्टॉमकडे गेला, पाटी बदलली. इंदूर आणि भोपाळच्या मेट्रोचे डबे त्याच कारखान्यात, पण नव्या पाटीखाली तयार झाले. ज्या माणसाचे ते आडनाव होते, त्याने मात्र आयुष्यात रेल्वेचा एकही डबा बांधला नव्हता. जोझेफ-आर्मां बोंबार्डिए असा त्या नावाचा मूळ फ्रेंच उच्चार. ते कॅनडातील एका खेड्यातले गॅरेजवाले होते. भुसभुशीत बर्फावर चालेल अशी गाडी बांधायची, एवढाच ध्यास त्यांनी पंधराव्या वर्षापासून मरेपर्यंत घेतला होता.

क्वेबेक प्रांताच्या दक्षिणेला, मॉन्ट्रियलच्या पूर्वेस वालकूर हे शेतकऱ्यांचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत तेथील खेड्यांच्या रस्त्यांवरचा बर्फ कोणी काढत नसे. हिवाळा लागला की मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवल्या जात आणि वसंत ऋतू येईपर्यंत सगळा व्यवहार घोड्यांच्या घसरगाड्यांवर चाले. डॉक्टर, पाद्री, टपाल, दूध सारे घोड्याच्या पायांवर अवलंबून. मोठे वादळ येऊन गेले की घोडाही पोटापर्यंत रुते, मग तेवढेही बंद. आपल्याकडे पुराने नदीपलीकडचे गाव दोन-चार दिवस तुटते. तिथे असे तुटणे महिनोन्‌महिने चाले आणि लोकांनी ते ऋतुमानाचा भाग म्हणून स्वीकारलेले असे.

आर्मांचा जन्म याच गावचा, १६ एप्रिल १९०७ चा. आठ भावंडांत तो थोरला. वडील आल्फ्रेड शेती करत, पुढे त्यांनी दुकान टाकले. मुलाचा हात लहानपणापासून यंत्रांवर. जुन्या घड्याळांची यंत्रे उकलून त्यांच्या किल्लीवर चालणारी खेळणी तो बनवी. बंदुकीच्या दारूवर खरोखर उडणारी छोटी तोफही त्याने केली होती. घरच्यांना हे कौतुकाचे वाटे तसे काळजीचेही वाटे. थोरल्या मुलाने धर्मगुरू व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी चौदाव्या वर्षी त्याला शेरब्रुकच्या धर्मशाळेत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात पाठवले गेले. तेथील शिक्षणात त्याचे मन रमले नाही. सुटी लागली की तो घरी येई आणि दिसेल ते यंत्र खोली.

शेवटी वडिलांनीच एक तोड काढली. घरातली यंत्रे वाचावीत म्हणून की काय, त्यांनी मुलाला फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचे एक निकामी इंजिन देऊन टाकले. मुलगा त्यात गुंतून राहील, इतकीच त्यांची अपेक्षा असावी. आर्मांने ते इंजिन दुरुस्त केले आणि त्यातून काय करायचे हे कोणालाही न सांगता धाकट्या लेओपोल्डला हाताशी धरून काम सुरू केले.

३१ डिसेंबर १९२२ रोजी आल्फ्रेड यांच्या आवारातून एक चमत्कारिक वाहन बाहेर पडले. लाकडी घसरपट्ट्यांचा सांगाडा, त्यावर मागच्या बाजूला उघडे फोर्ड इंजिन आणि इंजिनाच्या दांड्याला हाताने कोरलेला विमानासारखा लाकडी पंखा. लेओपोल्ड पुढे दिशा सांभाळत होता, आर्मां इंजिनापाशी. कानठळ्या बसवणारा आवाज करत ही गाडी गावातून एक किलोमीटरहून अधिक अंतर स्वतःच्या बळावर गेली. लोक बाजूला पळाले. वडिलांनी ती पाहिली आणि त्याच दिवशी मोडून टाकण्याचा हुकूम दिला. उघडा फिरणारा पंखा कोणाचा तरी हात तोडेल, ही त्यांची भीती अगदी रास्त होती.

पंधरा वर्षांच्या मुलाची ही गाडी आज कौतुकाने सांगितली जाते, पण तिच्या रचनेकडे मेकॅनिकच्या नजरेने पाहिले तर पुढच्या चाळीस वर्षांचे सगळे प्रश्न तिच्यात दिसतात. मॉडेल टीचे इंजिन चार सिलिंडरांचे, ओतीव लोखंडाचे, पाण्याने थंड होणारे. ताकद वीस अश्वशक्तीच्या आसपास. एवढ्या ताकदीसाठी ते फारच जड होते आणि त्यातली बरीचशी ताकद पंखा हवेत उधळत होता. चाकाला किंवा पट्ट्याला जमिनीची पकड मिळते, पंख्याला ती नसते. दाबलेल्या, कडक बर्फावर गाडी घसरत जाई, चढावर आणि भुसभुशीत बर्फात तिचा जोर संपे. शिवाय घसरपट्ट्यांखाली काही स्प्रिंग नसल्याने प्रत्येक खड्डा सरळ सांगाड्यावर आदळे. इंजिन कोणते, ते कुठे बसवायचे, त्याची ताकद बर्फापर्यंत कशी पोचवायची आणि बर्फाचे धक्के गाडीपर्यंत कसे पोचू द्यायचे नाहीत, हे चार प्रश्न एकमेकांत अडकलेले होते. एकाचे उत्तर बदलले की बाकी तिन्हींची बदलत.

सतराव्या वर्षी त्याने विद्यालय सोडले. वडिलांची समजूत पटायला वेळ लागला, पण अखेर त्यांनी मुलाला शेजारच्या साउथ स्टुक्ली गावातील गॅरेजमध्ये उमेदवारीला पाठवले. तेथून तो मॉन्ट्रियलला गेला. दिवसा गॅरेजमध्ये काम आणि रात्री यांत्रिकी व विद्युत विषयांचे वर्ग. तांत्रिक मासिके इंग्रजीत असत, म्हणून ती वाचता वाचता इंग्रजी शिकला. १९२६ मध्ये एकोणिसाव्या वर्षी तो वालकूरला परतला आणि वडिलांच्या मदतीने त्याने स्वतःचे गॅरेज उघडले. उसने घेतलेले पैसे तीन वर्षांत फिटले. गावात काहीही बिघडले की लोक ते त्याच्याकडे आणत. आपल्याला लागणारी हत्यारे मिळत नसतील तर तो ती घडवत असे. गॅरेजसाठी वीज हवी म्हणून त्याने जवळच्या ओढ्यावर बांध घालून टर्बाइन बसवले होते. १९२९ मध्ये इव्होन लाब्रेक यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

उन्हाळ्यात गॅरेजला काम असे. हिवाळ्यात मोटारीच बंद, त्यामुळे गॅरेजही थंड. हे रिकामे महिने बोंबार्डिए बर्फगाडीसाठी वापरत. जुन्या मोटारी विकत घ्यायच्या, त्यांचे इंजिन, गिअर, अॅक्सल काढून घ्यायचे, नवा सांगाडा बांधायचा, बर्फावर न्यायचे, कुठे मोडते ते बघायचे आणि परत आणून उकलायचे. दहा वर्षांत अशा अनेक नमुना गाड्या त्यांनी बांधल्या आणि मोडल्या.

या वाटेवर ते एकटे नव्हते आणि पहिलेही नव्हते. आडोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने रशियाच्या झारच्या मोटारींना मागे रबरी पट्टे बसवले होते आणि मायदेशी परतल्यावर सिट्रोएन कंपनीसाठी तीच कल्पना पुढे नेली होती. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरचे व्हर्जिल व्हाइट मॉडेल टी मोटारीला पुढे स्की आणि मागे पट्टे जोडण्याचा संच विकत होते. विस्कॉन्सिनच्या कार्ल एलियासन यांनी १९२४ मध्ये बोटीला लावायचे अडीच अश्वशक्तीचे छोटे इंजिन, सायकलचे भाग आणि मॉडेल टीच्या रेडिएटरचा तुकडा यांतून एका माणसापुरती बर्फगाडी उभी केली होती. बोंबार्डिए यांना बर्फगाडीचे जनक म्हणण्याची पद्धत आहे, ती या लोकांवर अन्याय करणारी आहे. बोंबार्डिए यांचे खरे मोठेपण पहिलेपणात नाही. मोटारीला बर्फासाठी जोडकाम करण्याऐवजी, मूळ गाडीच बर्फासाठी कशी असावी हा विचार त्यांनी इतरांपेक्षा जास्त काळ आणि जास्त चिकाटीने केला.

बर्फाचा हिशेब वजनाचा असतो. माणूस बुटाने चालला की गुडघ्यापर्यंत रुततो, स्की घातल्या की वर राहतो. वजन तेच, फक्त ते जास्त जागेवर पसरते. लोखंडी साखळीचे, ट्रॅक्टरसारखे पट्टे वजन पसरवतात, पण स्वतःच इतके जड असतात की मिळवलेले सगळे त्यातच जाते. गुळगुळीत रबरी पट्टा हलका, मात्र तो चाकावर घर्षणाने फिरवायचा म्हटले तर ओला झाला की घसरतो. दातेरी चाकाने फिरवावा तर दातांमध्ये बर्फ साचून गोठतो, पट्टा ताणला जातो आणि एक तर तुटतो किंवा चाकावरून उतरतो. तिशीच्या सुरुवातीला बोंबार्डिए याच ठिकाणी अडकलेले होते.

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ आजारी पडला. आंत्रपुच्छाचा दाह पोटात पसरला होता आणि तातडीने शस्त्रक्रिया हवी होती. रुग्णालय शेरब्रुकला, सुमारे ५० किलोमीटरवर. सगळे रस्ते बर्फाखाली. गॅरेजमध्ये त्या वेळी एक नमुना गाडी होती, पण ती सुट्या भागांत पडलेली होती, चालण्याच्या स्थितीत नव्हती. मूल वाचले नाही.

या दुःखातून बर्फगाडीचा शोध लागला, अशी कथा पुढे रूढ झाली. ती ऐकायला सरळ आहे, पण क्रम तसा नाही. मूल गेले तेव्हा बापाच्या खटपटीला बारा वर्षे होत आली होती. ज्या एका माणसाने त्या गावात हा प्रश्न सोडवण्यासाठी तारुण्य घातले होते, त्याच्याच दारात तो प्रश्न सुटण्याआधी येऊन उभा राहिला, हे त्या प्रसंगातले खरे विदारक आहे. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या कामाचा वेग वाढला आणि दिशाही निश्चित झाली. एकट्याने मजेत फिरण्याच्या गाडीचा विचार बाजूला पडला. रुग्ण, डॉक्टर, प्रवासी यांना बंदिस्त जागेत बसवून नेणारी मोठी गाडी हे आता उद्दिष्ट होते.

अडलेल्या गाठीचे उत्तर १९३५ मध्ये मिळाले आणि ते दिसायला अगदी साधे होते. दातेरी चाक त्यांनी रबराने मढवले. पट्टा करताना रबर चढवलेल्या सुती कापडाचे दोन लांब पट्टे घेतले आणि ते पोलादी आडव्या पट्ट्यांनी शिडीसारखे एकमेकांना जोडले. चाकाचे रबरी दात या आडव्या पट्ट्यांना पकडून पट्टा ओढत. रबर थोडे दबते, त्यामुळे दातांत साचलेला बर्फ तिथे घट्ट बसत नाही. लोखंडावर लोखंड आपटण्याचा आवाज आणि हादराही कमी होतो. पट्टा हलका आणि लवचिक असल्याने खालच्या उंचसखल बर्फाप्रमाणे तो वळत जातो. या रचनेचे कॅनडाचे पेटंट त्यांना २९ जून १९३७ रोजी मिळाले. पुढे त्यांच्या नावावर चाळीसहून अधिक पेटंटे जमा झाली, पण ज्यावर बाकी सगळे उभे राहिले ते हेच.

या पट्ट्यांवर बेतलेली सात प्रवाशांची गाडी बी-७ या नावाने विक्रीस आली. बी म्हणजे बोंबार्डिए, सात म्हणजे बसणारी माणसे. पुढे दिशा देण्यासाठी दोन स्की, मागे दोन्ही बाजूंना पट्टे, वर प्लायवूडची गोलसर केबिन. इंजिन फोर्डचे, आणि ते मागे बसवलेले. ही जागा विचारपूर्वक निवडलेली होती. मोटारीसारखे इंजिन पुढे ठेवले असते तर त्याचे वजन स्कींवर आले असते आणि त्यांची टोके बर्फात घुसली असती. मागे ठेवल्यावर वजन पट्ट्यांवर पडते, पट्ट्यांना पकड मिळते आणि स्की मोकळ्या राहून वळण्याचे काम करतात. इंजिन स्वतः बनवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. फोर्डचे इंजिन निवडण्याचे फायदे कोणत्याही गॅरेजवाल्याला समजतील असे होते. ते स्वस्त होते, कारखान्यातून तयार मिळत होते आणि त्याचा एखादा भाग गेला तर तो दूरच्या खेड्यातही सापडत होता. वादळात अडकलेल्या डॉक्टरला उत्तम इंजिनापेक्षा दुरुस्त होणारे इंजिन अधिक उपयोगी पडते.

हॉटेलवाले, डॉक्टर, टपाल खाते, दूरध्वनीच्या तारा सांभाळणारे लोक या गाड्या घेऊ लागले. मागणी गॅरेजच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा वालकूरमध्येच वर्षाला दोनशेहून अधिक गाड्या बांधू शकेल असा कारखाना उभा राहिला. तो जानेवारी १९४१ मध्ये सुरू झाला. १० जुलै १९४२ रोजी कंपनीची रीतसर नोंदणी झाली. फ्रेंच भाषेतील तिच्या नावाचा अर्थ बोंबार्डिए बर्फमोटार कंपनी असा होता. भाऊ आणि इतर आप्त कामाला होतेच, गावातले शेतकऱ्यांचे मुलगेही कारागीर झाले.

याच काळातली बारा माणसांची बी-१२ ही त्यांची सर्वांत यशस्वी मोठी गाडी. तिच्यातील एक बदल लहान पण बोलका आहे. बी-७ च्या पट्ट्याआतील चाकांना आरे होते आणि आऱ्यांमध्ये बर्फ भरून गोठत असे. बी-१२ ला भरीव तबकडीची चाके दिली आणि तक्रार मिटली. इंजिन सुरुवातीला फोर्डचे आठ सिलिंडरांचे होते, पुढच्या काळात क्रायस्लरचे सहा सिलिंडरांचे आले. खिडक्या गोल, जहाजाच्या असाव्यात तशा. या गाड्या शाळेची मुले नेत, शववाहिका होत, रुग्णवाहिका होत. मॅनिटोबातल्या गोठलेल्या विनिपेग सरोवरावर मासेमारी करणाऱ्यांनी तर त्या पुढे अनेक दशके, नवी इंजिने बसवून, जिवंत ठेवल्या.

महायुद्धाच्या काळात खासगी गाड्या विकण्यावर निर्बंध आले. ज्यांना गाडी अत्यावश्यक आहे असे सिद्ध करता येईल त्यांनाच ती मिळे. लष्करासाठीच्या गाड्या मोठ्या संख्येने बांधायच्या होत्या, त्यांचे काम मॉन्ट्रियलच्या मोठ्या कारखान्यात हलवावे लागले. या पर्वाने नाव दिले आणि अनुभवही दिला. पैसा मात्र फारसा दिला नाही.

खरा धक्का शांततेच्या काळात बसला. १९४८-४९ च्या हिवाळ्यापासून क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचाही बर्फ काढायला सुरुवात केली. गावांसाठी ही चांगलीच बातमी होती. बोंबार्डिए यांच्या कारखान्याची विक्री मात्र वर्षभरात जवळपास निम्म्यावर आली. रस्ता मोकळा झाल्यावर बर्फगाडी कोण घेणार? ज्या गैरसोयीवर त्यांनी आयुष्य बेतले होते ती सरकारी फावड्याने दूर केली होती. त्यांनी पट्टे तेच ठेवले आणि गाडी बदलली. शेतकऱ्यांच्या चाकाच्या ट्रॅक्टरला चढवता येतील असे पट्टे काढले, जंगलातून लाकूड ओढणारी यंत्रे काढली. १९५३ मध्ये आलेला मस्केग हा दलदलीत चालणारा ट्रॅक्टर जगभर गेला. व्हिव्हियन फुक्स यांच्या १९५७-५८ च्या अंटार्क्टिका ओलांडणाऱ्या मोहिमेतही एक मस्केग होता. तो पूर्ण पल्ला गाठू शकला नाही, वाटेतच सोडून द्यावा लागला; पण इतक्या दूरवर त्याची निवड झाली होती.

एका माणसाची हलकी बर्फगाडी हे तरुणपणीचे स्वप्न त्यांनी टाकून दिलेले नव्हते. तिशीतच तसे प्रयत्न करून पाहिले होते आणि सोडले होते, कारण तेव्हाची इंजिने जड होती. पाचशे किलोची गाडी इंजिनाचे जास्तीचे पन्नास किलो सहन करते. दीडशे किलोच्या गाडीत तेच पन्नास किलो तिला बर्फात बुडवायला पुरतात. दुसरी अडचण पट्ट्याची. शिडीसारखा जोडलेला पट्टा अरुंद आणि छोटा केला की त्याचे सांधे कमजोर पडत. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी या दोन्ही अडचणी एकाच वेळी सुटल्या. गवत कापण्याच्या यंत्रांसाठी, पंपांसाठी लहान, हवेने थंड होणारी इंजिने बाजारात सहज मिळू लागली होती. आणि १९५७ च्या सुमारास कंपनीने सांधाच नसलेला, अखंड रबराचा पट्टा तयार करण्यात यश मिळवले. पट्ट्याला आडवा ताठपणा यावा म्हणून त्यात पोलादी सळ्या ओतलेल्या असत. थोरला मुलगा जेर्मँ आता वडिलांच्या बरोबरीने या कामात होता.

त्यातून निघालेली गाडी मोठ्या गाड्यांच्या अगदी उलट अंगाने विचार केलेली दिसते. दोन पट्ट्यांऐवजी गाडीच्या रुंदीएवढा एकच पट्टा, आणि चालक त्याच्यावरच बसलेला. इंजिन या वेळी पुढे, कारण ते आता हलके होते आणि मागे चालकाचे स्वतःचे वजन पट्ट्यावर पडतच होते. उलट पुढे थोडे वजन असल्याशिवाय स्की वळताना बर्फाला धरत नाहीत. पट्ट्याच्या आत स्प्रिंगवर झुलणाऱ्या लहान चाकांच्या जोड्या होत्या. एक चाक उंचवट्यावर चढले की त्याचा जोडीदार खाली दबे आणि धक्का दोघांत वाटला जाई. आजच्या गाड्यांतील लांब शॉक-अॅब्सॉर्बर पाहिले तर ही रचना प्राथमिक वाटते आणि त्या गाडीवर तासभर बसणाऱ्याची पाठ त्याला साक्ष देत असणार. पण तिला मोडण्यासारखे फार काही नव्हते, आणि ज्या प्रदेशासाठी ती होती तेथे ही गोष्ट मऊ बैठकीपेक्षा महत्त्वाची होती.

एप्रिल १९५९ मध्ये बोंबार्डिए यांनी तिचा नमुना ओन्टारियोच्या उत्तरेकडील लान्सडाउन हाउस या दुर्गम वस्तीवर स्वतः नेला. तेथे मोरिस उइमे हे त्यांचे स्नेही मिशनरी होते. आदिवासी वस्त्यांमधला त्यांचा प्रवास कुत्र्यांच्या घसरगाडीवर चाले. गाडी तिथेच उइमे यांच्याकडे ठेवून दिली गेली. या कामासाठीच तिचे मूळ नाव स्की-डॉग ठरले होते असे सांगतात, म्हणजे कुत्र्यांची जागा घेणारी. माहितीपत्रक छापताना शेवटचे अक्षर चुकून बदलले आणि तेच स्की-डू हे नाव कायम झाले.

पहिल्या हंगामात २२५ स्की-डू विकल्या गेल्या. त्यांचे इंजिन कोलर कंपनीचे होते, सात अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, फोर-स्ट्रोक. भरवशाचे असले तरी ताकदीच्या मानाने ते जडच होते. शिवाय फोर-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी तेल साठवलेले असते आणि कडाक्याच्या थंडीत ते काकवीसारखे घट्ट होते. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. तेलाची टाकी नाही, झडपा नाहीत, सुटे भाग कमी आणि तेवढ्याच वजनात ताकद जास्त. धूर आणि आवाज मात्र सोसावे लागतात. हयातभर अमेरिकी इंजिने वापरलेल्या बोंबार्डिए यांनी या वेळी ऑस्ट्रियातील गुन्सकिर्शेन येथील रोटॅक्स या तुलनेने लहान कंपनीची निवड केली आणि १९६२ पासून तिची टू-स्ट्रोक इंजिने स्की-डूला बसू लागली. पट्टा आणि सस्पेन्शन ठरल्यानंतर त्यांना साजेसे इंजिन शोधले गेले, इंजिन हाताशी होते म्हणून गाडी त्याच्याभोवती बांधली गेली नाही. १९२२ च्या त्या पंख्याच्या गाडीपेक्षा नेमका उलटा हा क्रम होता. पुढे १९७० मध्ये रोटॅक्स कंपनीच बोंबार्डिए समूहात आली.

१९६३-६४ च्या हंगामात ८,२१० स्की-डू विकल्या गेल्या. या आकड्याने कोणीही हुरळून गेला असता, पण बोंबार्डिए सावधच राहिले. सरकारच्या एका निर्णयाने निम्मा धंदा गेलेला त्यांनी पाहिला होता, त्यामुळे कारखान्याचा सगळा भार एका मौजेच्या वस्तूवर टाकायला ते तयार नव्हते. ती मुळात मौजेची वस्तू असावी हेही त्यांच्या मनात फारसे नसावे. उइमे यांच्यासारख्यांसाठी, सापळे लावणाऱ्यांसाठी, दुर्गम भागातल्या कामकऱ्यांसाठी ती बांधली होती. शहरातले लोक रविवारी मजेसाठी ती विकत घेतील, हा प्रकार त्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झाला. तो किती वाढणार होता हे पाहायला मात्र ते राहिले नाहीत.

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. प्रथम जेर्मँ आणि १९६६ पासून जावई लोराँ बोदुआं यांच्याकडे कंपनीची सूत्रे गेली. बोदुआं तेव्हा तिशीच्याही आत होते. सासऱ्यांची सावधगिरी त्यांनी बाजूला ठेवली. १९६८ मध्ये राल्फ प्लेस्टेड यांची तुकडी स्की-डूवरून उत्तर ध्रुवावर पोचली, त्या तुकडीत बोंबार्डिए यांचा एक पुतण्याही होता. सत्तरच्या दशकात तेलाच्या संकटाने बर्फगाड्यांची बाजारपेठ आकसली, तेव्हा कंपनीने मॉन्ट्रियलच्या मेट्रोचे काम मिळवून रेल्वेकडे मोर्चा वळवला आणि नंतर विमानांकडे. बर्फगाड्यांचा मूळ विभाग २००३ मध्ये वेगळा काढून विकला गेला.

उत्तरेकडच्या वस्त्यांत या गाडीने जे केले त्याचे मोजमाप एका बाजूने करता येत नाही. आजारी माणूस दवाखान्यात वेळेवर पोचू लागला, शिकारी एका दिवसात पूर्वीच्या कित्येक पट मजल मारू लागला. कुत्र्यांचे तांडे मात्र गेले. कुत्र्याला खायला शिकारीतलेच मांस लागते, गाडीला पेट्रोल आणि सुटे भाग लागतात, म्हणजे रोख पैसा लागतो. फिनलंडच्या उत्तरेकडील रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांत, ज्यांना गाडी परवडली ते पुढे गेले आणि ज्यांना परवडली नाही त्यांचे कळप हातचे गेले. कुत्रे थकले की थांबतात आणि वाट चुकली तर घरी आणतात. बंद पडलेले इंजिन यातले काही करत नाही.

गुलमर्ग किंवा सोलांगला गेलेल्या आपल्याकडच्या पर्यटकांनी भाड्याच्या स्नो-स्कूटरवर मारलेली फेरी याच वंशातल्या गाडीवरची असते, कंपनी कोणतीही असो. पुढे दोन स्की, खाली एक रुंद पट्टा, पुढे इंजिन ही मांडणी साठ-पासष्ट वर्षांत मुळातून बदललेली नाही. वालकूरमध्ये आता बोंबार्डिए यांच्या नावाचे संग्रहालय आहे. १९२६ चे लाकडी गॅरेज तेथे जपून ठेवले आहे, आणि उइमे यांना दिलेली ती पहिली पिवळी गाडीही उत्तरेतून परत आणून त्याच आवारात ठेवलेली आहे.